दहा बाय बाराच्या खोलीत सबवूफर

स्पीकर घ्यायचे ठरले की लोक आधी ब्रँड विचारतात, मग वॉट, मग किंमत. खोलीची मापं कुणी सांगत नाही आणि ती विचारणारा दुकानदार विरळाच. पुण्यात गाणं ऐकायची खोली म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत टू बीएचकेमधली दुसरी बेडरूम. दहा बाय अकरा, फार तर दहा बाय बारा फूट. एका भिंतीला कपाट, दुसरीला दिवाण, तिसरीत सरकती खिडकी, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स आणि वर साडेनऊ फुटांवर स्लॅब. या खोलीत काय वाजेल आणि काय नुसतं घुमेल, हे स्पीकर आणण्याआधीच बरंचसं ठरून गेलेलं असतं. तेव्हा पहिली खरेदी मोजपट्टीची. लांबी, रुंदी, उंची मोजा आणि कागदावर लिहा.

हिशेब शाळेतला आहे. आवाजाचा हवेतला वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमधलं अंतर मीटरमध्ये घ्या, त्याची दुप्पट करा आणि तिने ३४४ ला भागा. त्या दोन भिंतींमध्ये अडकून राहणारी पहिली लाट किती हर्ट्झची, ते उत्तर मिळतं. बारा फुटांना ४७ हर्ट्झ, दहा फुटांना ५६, साडेनऊ फूट उंचीला ५९. गाण्यातला एखादा खालचा स्वर यांतल्या एखाद्या आकड्याजवळ आला की खोली तो उचलून धरते. बाजूचा स्वर नीट येतो, हा मात्र फुगतो आणि लवकर विरत नाही. ‘बेस घुमतोय’ म्हणून आपण स्पीकरला शिव्या देतो, तेव्हा दहांतल्या सात-आठ वेळा हे भिंतींचं काम असतं. वरच्या आकड्यांत ५६ आणि ५९ शेजारी-शेजारी बसलेत, तेही लक्षात घ्या. तिथे घुमणं दुप्पट. दहा बाय दहाची चौरस खोली असेल तर तिन्ही आकडे एका जागी गोळा होतात. घरात निवडीला वाव असेल तर चौरस खोली मुलांना द्या आणि लांबट खोली गाण्याला. हॉल स्वयंपाकघराकडे उघडा असेल तर तो बऱ्याचदा बेडरूमपेक्षा बरा वाजतो, कारण बेसला बाहेर पडायला वाट असते. अर्थात तिथे टीव्हीशी आणि घरच्यांशी तह करावा लागतो.

परदेशी पुस्तकांतले सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, त्याचंही कारण भिंतीच. अमेरिकेतली घरं बरीचशी लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकून बांधलेली. तशी भिंत बेसबरोबर थोडी हलते आणि तेवढा बेस गिळून टाकते. आपली आरसीसी आणि विटांची भिंत काही गिळत नाही, सगळं परत खोलीत फेकते. कसबा किंवा शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्यातली माडी अजून कुणाकडे असेल, तर तिथे हेच स्पीकर लावून बघा. मातीच्या भिंती, लाकडी तक्तपोशी, जुनी पुस्तकं. बेस कसा सुटा येतो ते कळेल. (खालच्या बिऱ्हाडाला काय ऐकू येतं, तो वेगळा विषय.)

आता तुम्ही ऐकता काय, हा प्रश्न. सबवूफर विकणारा तो विचारत नाही, पण निम्मा निर्णय इथेच होतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा. मंद्र पंचमापर्यंत तो उतरला तरी १०४ च्या आसपास. तानपुऱ्याचा खरज ६९, आणि जवारीमुळे त्याचा खरा जीव वरच्या स्वरांशांत. डग्ग्याचा घुमारा बहुतेक वेळा ६० ते १२० च्या पट्ट्यात खेळतो. म्हणजे ५५ हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे जाणारा स्पीकर असेल, तर ख्याल, ठुमरी, अभंग, भावगीत यांतलं काही हातचं जात नाही. १९५३ पासून चाललेल्या सवाई गंधर्व महोत्सवातलं जुनं ध्वनिमुद्रण असो, कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाउसच्या जुन्या कॅसेटी असोत किंवा नाट्यसंगीताच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून केलेल्या प्रती, यांत ५० हर्ट्झच्या खाली सापडतो तो बहुधा गडगडाट, माइकला लागलेला धक्का आणि मंचावरचे पाय. सबवूफर लावून तेच मोठं ऐकायचं असेल तर गोष्ट वेगळी.

उलट बाजूला बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झवर, पियानोचा शेवटचा स्वर २७.५ वर, आणि सिनेमातले स्फोट त्याच्याही खाली. अजय-अतुलचं ‘सैराट’ (२०१६) त्या सिंफनी वाद्यवृंदासकट ऐकायचं असेल, ‘झिंगाट’चा ठोका छातीत जाणवायला हवा असेल, रात्री सिनेमे बघायचे असतील, तर सबवूफर घ्याच. पाच इंची वूफरकडून तो ठोका मागणं हा त्या वूफरवर अन्याय आहे.

स्पीकर मात्र दोन्ही बाबतींत छोटेच घ्या. माझं मत या बाबतीत ठाम आहे. चार फुटी टॉवर हॉलमध्ये शोभतात. दहा बाय बारात ते खोलीच्या त्या तीन आकड्यांना खतपाणी घालतात आणि मग आयुष्यभर आपण बेसचा नॉब मागे ओढत बसतो. पाच ते साडेसहा इंची वूफरचा बुकशेल्फ स्पीकर या खोलीला पुरतो. लहान खोलीसाठी लहान पेटी ही कल्पना काही आजची नाही. बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या व्हॅनमध्ये ऐकण्यासाठी एलएस३/५ए नावाचा स्पीकर घडवला. जेमतेम फूटभर उंच, केईएफचा पाच इंची वूफर, ७०-८० हर्ट्झच्या खाली जवळजवळ काही नाही. पण माणसाचा आवाज असा वाजतो की अजून लोक जुन्या जोड्या शोधत फिरतात.

कागदावरचे आकडे वाचताना एक खोच सांभाळा. यामाहाचा एचएस५ हा पाच इंची मॉनिटर घ्या. त्याच्या माहितीपत्रकात ५४ हर्ट्झ दिसतं, पण ते उणे १० डेसिबलला; उणे ३ डेसिबलला तोच स्पीकर ७४ हर्ट्झवर थांबतो. कंपनीने दोन्ही आकडे छापलेत, हा तिचा प्रामाणिकपणा. बरेच जण नुसतंच ‘४५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ छापतात आणि किती डेसिबलला ते सांगत नाहीत. असा आकडा वाचलाच नाही असं समजा. वॉटचंही तेच. पीएमपीओ लिहिलेल्या डब्याकडे दुसऱ्यांदा बघू नका. खोक्यावरचे हजारो वॉट कुठल्याही खोलीत उतरत नाहीत. हिशेब करा: ८६ डेसिबल संवेदनशीलतेची जोडी, दोन मीटरवर तुम्ही. एका वॉटला कानापाशी साधारण ८३ डेसिबल, भिंतींची भर वेगळी. दहा वॉटला ९३, म्हणजे शेजारी दार वाजवेल एवढं. चाळीस-पन्नास खऱ्या वॉटचा अँप्लिफायर या खोलीला भरपूर झाला. अँप्लिफायरची कटकटच नको असेल, तर तो पोटातच असलेले अॅक्टिव्ह मॉनिटर घ्या. कमी पैशांत नीट आवाज हवा असेल तर आज तोच सगळ्यात शहाणा सौदा आहे, फक्त दिसायला ते दिवाणखान्यात शोभत नाहीत. देशी पर्यायांत कोलकात्याची सोनोडाइन १९७० पासून याच धंद्यात आहे. ऐकून मगच ठरवा.

ऐकायचं कसं? आपली गाणी बरोबर न्या. दुकानात जे लावतात ते स्पीकर छान वाजावा म्हणूनच निवडलेलं असतं. त्यात एक पुरुषाचा मोकळा आवाज, एक बाईचा तार सप्तकातला, एक तबला-डग्गा आणि एक भरगच्च वाद्यमेळ असू द्या. पुरुषाचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला, किंवा ‘स’ कानाला टोचला, तर पुढे जा. दोन जोड्या ताडून बघताना दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणा. मोबाइलवरचं डेसिबल मोजायचं अॅप एवढ्या कामाला पुरतं. जरा मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच चांगला वाटतो आणि हे विक्रेत्याला पक्कं ठाऊक असतं. कॅनडातल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत आणि नंतर हार्मन कंपनीत फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. नाव, किंमत, आकार दिसत नसला की बहुतेक ऐकणारे तोच स्पीकर पसंत करतात, जो कुठलाही पट्टा फुगवत नाही. घरी आणून ऐकायची सोय देणारा दुकानदार मिळाला, तर हजार-दोन हजार जास्त देऊनही त्याच्याकडूनच घ्या.

मांडणीकडे वळू, कारण खरा फरक इथे पडतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा साधारण समभुज त्रिकोण करा, बाजू पाच-सहा फुटांची. ट्वीटर कानाच्या उंचीवर यायला हवा. बाजारातले चोवीस इंची स्टँड सोफ्यावर बसणाऱ्यांसाठी बनवलेले असतात. आपल्याकडे ऐकणारे पुष्कळ जण भारतीय बैठकीत, गादी-लोडाला टेकून ऐकतात. मांडी घातलेल्या माणसाचा कान जमिनीपासून अडीच फुटांवर येतो. त्यांना सोळा ते अठरा इंचांचा स्टँड हवा. फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपचा करून घ्या, पाइपमध्ये कोरडी वाळू भरा आणि वर कडप्प्याचा तुकडा बसवा. स्टँड म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या वस्तूंपेक्षा तो कमी डुलतो.

बसायची जागा खोलीच्या लांबीच्या बरोब्बर मध्यावर नको. तिथे ती ४७ हर्ट्झची लाट पार नाहीशी होते आणि बेस गेला कुठे म्हणून आपण नवा स्पीकर शोधायला लागतो. मागच्या भिंतीला डोकं टेकूनही नको. तिथे तीच लाट सगळ्यात मोठी. बारा फुटांत मागच्या भिंतीपासून साडेचार फूट सोडून बसता आलं तर उत्तम. दिवाण हलत नसेल तर निदान दीड-दोन फूट तरी पुढे ओढा. रुंदीच्या मात्र मधोमध बसा, कारण रुंदीची पहिली लाट तिथे ऐकूच येत नाही. पैसे न मोजता तीनपैकी एक आकडा तुम्ही कमी केलात.

सबवूफर निवडताना मोठ्याची हाव सोडा. आठ किंवा दहा इंची, बंद पेटीचा. भोकवाला पोर्टेड प्रकार तेवढ्याच पैशांत जास्त जोरात वाजतो, म्हणून दुकानात तोच बाजी मारतो. पण बंद काँक्रीटची लहान खोली तिच्या सगळ्यात खालच्या लाटेच्याही खाली बेसला आपसूक उचल देते. बंद पेटी जिथून हळूहळू उतरायला लागते, तिथूनच खोली तिला हात देते आणि जोडी छान जमते. पोर्टेडच्या बाबतीत तीच उचल वरकड होऊन बसते. खिडकी-बाल्कनी उघडली की ही उचल घटते. एप्रिल-मेमध्ये तुम्ही सताड उघड्या दारात ऐकणार असाल, तर सबवूफरची पातळी दार उघडं ठेवूनच लावा.

त्याची जागा शोधायचा जुना आणि अजूनही सगळ्यात खात्रीचा उपाय थोडा हास्यास्पद आहे. सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा. ज्यात खालचे स्वर वर-खाली फिरतात असं एखादं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेकडेने रांगत जा, कान सबवूफर ठेवायच्या उंचीवर. जिथे प्रत्येक स्वर सारख्या वजनाने ऐकू येईल, एकही फुगणार नाही की बुडणार नाही, ती सबवूफरची जागा. कोपऱ्यात तो सगळ्यात मोठा वाजतो आणि बहुधा सगळ्यात वाईट. दहा फुटी भिंतीचा मध्य आधी तपासा. तिथे ठेवला तर रुंदीची लाट फारशी उठत नाही. बजेट असेल तर एका मोठ्याऐवजी दोन छोटे, समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर. एकाने उठवलेली लाट दुसरा बऱ्यापैकी बसवतो.

क्रॉसओव्हरचा नॉब ८० हर्ट्झवरून सुरू करा. रिसीव्हर असेल तर त्यात स्पीकर ‘स्मॉल’ निवडा, म्हणजे खालचं ओझं छोट्या वूफरवरून उतरेल. साधा स्टीरिओ अँप्लिफायर असेल आणि स्पीकर पूर्ण पट्ट्याने वाजत असतील, तर सबवूफर ५०-६० ला आणा, नाहीतर एकच पट्टा दोघंही वाजवतील. फेजच्या स्विचसाठी दुसरा माणूस हवा: तुम्ही जागेवर बसा, ८० हर्ट्झचा सूर लावा, तो ० आणि १८० मध्ये स्विच फिरवेल, ज्यात सूर मोठा येईल ते ठेवा. मग पातळी. एक जुनं भावगीत लावा, ज्यात बेस जेमतेमच आहे. सबवूफर चालू आहे हे त्या गाण्यात कळत असेल, तर तो जास्त झालाय. बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटलं, पण चालू असताना तो कुठे आहे हे बोट दाखवून सांगता आलं नाही, की काम झालं. मिरवणुकीतल्या ‘डॉल्बी’ने आपली बेसची चव बिघडवलेली आहे, त्यामुळे पहिले आठ दिवस हे फिकं वाटेल. नॉबला हात लावू नका.

आणखी खोलात जायचं असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि एक यूएसबी मोजणी-माइक घ्या. आलेखात जी शिखरं दिसतील ती ईक्यूने कापा. दऱ्या भरायच्या भानगडीत पडू नका. तिथे कितीही ताकद ओता, खोली ती खाऊन टाकते आणि वूफर मात्र तापतो. भिंतींना अंडी ठेवायच्या ट्रेसारखा पातळ फोम चिकटवणाऱ्यांना सांगावंसं वाटतं, की त्याने वरचा आवाज मरतो आणि बेस होता तसाच राहतो. पुस्तकांनी भरलेलं कपाट, जाड पडदा, जमिनीवर सतरंजी, भिंतीला आजीची गोधडी. वरच्या आवाजाला एवढं पुरे. बेससाठी निदान चार इंच जाडीचे रॉकवूलचे पॅनल लागतात, तेही कोपऱ्यांत.

सबवूफर आला की खोलीतल्या ज्या वस्तूंचा कधी आवाज नव्हता त्या बोलायला लागतात. सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडकीची काच, माळ्यावरचे स्टीलचे डबे, शोकेसमधला चहाचा सेट, कपाटाची किल्ली. ३० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावा आणि खोलीभर हात ठेवत फिरा. खडखडणारी वस्तू हाताखाली गप्प होते. खिडकीच्या खाचेत ब्रशची पट्टी आणि डब्यांखाली वर्तमानपत्र, बहुतेक प्रश्न एवढ्यावर मिटतात. सबवूफरमधून सतत हंऽ येत असेल तर आधी सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा; गुन्हेगार बहुधा तीच असते. हं घालवायला अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तो जिवावर बेतणारा आहे.

खालच्या मजल्याचं काय? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ती मोजणी कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या धर्तीवर होते, बेस तिच्यात कमी भरतो. मोबाइलवर चाळीस दिसत असतानाही खालच्या काकांच्या उशीत ठोका पोचू शकतो. सबवूफरखाली रबराचे पाय किंवा जाड फोम घातला तर फरशीत उतरणारा हादरा कमी होतो. हवेतून स्लॅबला भिडणारा बेस मात्र तसाच राहतो. त्यावर उपाय एकच: जिना उतरून जा, त्यांच्या खोलीत उभे राहा, वर कुणाला तरी गाणं लावायला सांगा. किती पातळी चालते ते एकदा ठरलं की नॉबवर खूण करून ठेवा. हळू आवाजात बेस कानाला आणखी कमी वाटतो, त्यामुळे रात्री तो वाढवायचा मोह होतो. तो आवरा, किंवा दहानंतर हेडफोन लावा.

खरेदी कुठे? वायर, बनाना प्लग, सॉकेट यांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. दीड चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची वायर या खोलीतल्या अंतरांना पुरते. फुटाला शेकडो रुपये मागणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. जुन्या स्पीकरचा शौक असेल तर मंगळवार पेठेतला जुना बाजार. तिथे स्पीकर उचलण्याआधी वूफरच्या कडेची गोल पट्टी बोटाने हलकेच दाबा. रबराची असेल तर चिवट लागते. फोमची असेल आणि दहा-वीस पावसाळे काढलेली असेल, तर बोटाखाली भुगा होते. ती बदलून मिळते, पण खर्च धरा. मग शंकूवर चारी बोटं सारखी ठेवून त्याला अगदी थोडं आत ढकला. खरखर आली तर कॉइल घासतेय, सोडून द्या. शेवटी खिशातला दीड व्होल्टचा सेल दोन वायरींनी मागच्या टर्मिनलला क्षणभर लावा, धन लाल बाजूला. वूफर बाहेर यायला हवा, दोन्ही पेट्यांत सारखाच. एक बाहेर आणि दुसरा आत गेला, तर आतल्या वायरी कुणीतरी उलट जोडल्यात. घरी पाच मिनिटांत त्या सरळ होतात, पण भाव पाडायला कारण पुरेसं आहे.